सांगोल्याची डाळिंबं

मुलुंडच्या दाताच्या दवाखान्यात अक्षता पुस्तक उघडून बसली होती, पण कान शेजारच्या मायलेकींकडे होते.

“श्रुतिका, त्या नवनाथला नाही म्हणून कळव.”

“का गं? परवा तर ‘जावयाच्या बागेतली’ म्हणत अख्ख्या मजल्यावर डाळिंबं वाटलीस.”

“तेव्हा कुठे माहीत होतं, तो सांगोल्याला गटाराच्या पाण्यावर बाग करतो ते?”

“शुद्ध केलेलं सांडपाणी आहे, आई. तिकडे पाऊसच नाही. ते पाणी नसेल तर झाडं जळून जातील.”

“आणि मी पहिलं डाळिंब बाप्पापुढे ठेवलं!”

“मग बाप्पा काही बोलला?”

“चावटपणा नको.”

“बरं, गावी आपल्या न्हाणीमागे अळू माजतं, ते कुठल्या पाण्यावर? त्याच्याच वड्या करतेस ना नैवेद्याला?”

“ते वेगळं. ते आपल्या आंघोळीचं पाणी, आपल्या घरचं.”

अक्षताचा नंबर पुकारला. तिने मागच्या काकांना पुढे पाठवलं.

“मग लग्न लावून टाक ना. तेही घरचंच होईल.”

आईने पर्स मांडीवर ओढून घेतली.

“विचार त्याला, त्या पाण्यावर अळू होईल का.”