शेवटच्या नंबराचा वळू

लिमोजच्या जनावरांच्या प्रदर्शनात मी कॉफीच्या रांगेत होतो. पुढे लेओन्स आणि ओदिल, शेजारी शेजारी गोठे असलेले.

“ओदिल, माझा वळू पहिला आला आणि तू शेवटचा विकत घेतलास?”

“घेतला.”

“माझ्याचे खांदे बघितलेस?”

“बघितले. तेच खांदे वासरात उतरतात आणि विताना गाय अडते.”

“म्हणजे परीक्षकाला कळत नाही?”

“तो खाटकाच्या नजरेनं बघतो. आपली लिमुझँ मुळात नांगराची जात, लेओन्स. डोकं लहान, हाड बारीक, म्हणून वासरू आपसूक बाहेर येतं. मांसापायी तुम्ही तेवढंच घालवताय.”

“माझ्याकडे या हिवाळ्यात चाळीस वासरं झाली.”

“ओढून किती काढलीस?”

“अकरा.”

“मला जेवणावरून उठावंच लागलं नाही, माझं सूप एकदाही गार झालं नाही.”

“उगाच बढाया मारू नकोस. बघायला कोण आलं होतं?”

ती मागे माझ्याकडे वळली.

“हे आपले गुरांचे डॉक्टर उभेच आहेत. डॉक्टर, सहा वर्षांत गाय अडली म्हणून माझ्याकडे किती वेळा आलात?”

“एकदाही नाही, बाई.”

“आणि याच्याकडे?”

“त्यांच्या गोठ्यात माझे गमबूटच ठेवलेले असतात.”