वळणापलीकडचं घर

अल्सवॉटर तळ्याच्या वरच्या टोकाला, ग्लेनरिडिंगच्या धक्क्यावर, मेविस बोटीच्या रांगेत उभी होती. तिच्यापुढे एक म्हातारी आणि तिची मुलगी बोलत होत्या.

“आई, मी पाहिलेलं घर खालच्या टोकाला आहे, तिथं डोंगर लांब सरकलेत. हिवाळ्यातही तुला दुपारभर ऊन मिळेल.”

“आणि पाणी?”

“अगदी दारात. तळं तेच की गं!”

“तेच कसं? मध्ये दोन वळणं आहेत. त्या घरातून इकडचं वळण दिसतं का?”

“नाही दिसत.”

“माडीवरून?”

“नाही गं! मला ठाऊकच होतं, तू हेच काढणार. बाबांची होडी त्या वळणाआड गेली आणि बुडाली. तेव्हापासून अकरा वर्षं तू खिडकी सोडली नाहीस. आता या घरालाही नावं ठेव.”

“मी कुठं नावं ठेवली? नीट आठवून सांग, जेनेट. पानगळीतसुद्धा दिसणार नाही ना?”

“मध्ये अख्खा डोंगर आडवा आहे, आई. कसं दिसेल?”

“मग तेच घर घेऊ.”

बोट धक्क्याला लागली, तेव्हा मुलीने आईच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.