मुंगीच्या लुंगीचा अर्थ

…नाही पण मी म्हणतो, मुंगीला लुंगी, यात माणसानं अर्थ शोधायचाच कशाला? तुम्हाला सांगतो, डोकं नुसतं भणभणतंय माझं! आमची दोन वर्षांची पोरगी, जेवायला एक नंबरची नाठाळ, तोंड असं मिटते की पाना लावला तरी उघडायचं नाही… पण माझी आई समोर बसली, वाटीत भात कालवला, आणि सुरू केलं की,

डुगडुग गाडं, कोण पडलं?
राजाचं मुंडकं टोपीत दडलं!
ताटात वाटी, वाटीत मुंगी,
शिवा रे शिवा मुंगीला लुंगी!

‘लुंगी’ म्हटलं की तोंडाचा आ! घास आत! मी पुढच्या खोलीत मशीनवर, टेलर माणूस मी, मला आपलं हसू यायचं, की मुंगीला लुंगी शिवायची तर माप कसं घ्यायचं, पाय सहा! बस्स, एवढाच अर्थ! चाललं होतं की नाही सुखानं?

तर रविवारी आला आमचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, कॉलेजात शिकवतो, आम्ही त्याला मागं ‘संदर्भ’ म्हणतो, कारण मीठ मागितलं तर आधी मिठाचा इतिहास सांगतो, मग मीठ देतो. आई गातेय, पोरगी खातेय, आणि हा चष्मा वर सारून म्हणतो, “काकू, तुम्ही काय गाताय, कल्पना आहे? हे दुष्काळाचं गाणं असणार. गाडं म्हणजे प्रेतांचं. वाटीत मुंगी म्हणजे अन्नच नाही. आणि लुंगी म्हणजे… कफन!”

कफन! भर जेवणात! अरे, तू मामा आहेस का कोण आहेस?

आईनं वाटी खाली ठेवली. “म्हणजे मढ्यांची गाणी म्हणत तुम्हाला वाढवलं का रे मी?” माझ्याकडं बघून एवढंच बोलली आणि आत गेली. पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच! संध्याकाळी बायकोनं गाणं सुधारून घेतलं, “शिवा रे शिवा मुंगीला फ्रॉक”… भात थेट माझ्या शर्टावर! दुसऱ्या दिवशी मावशीला फोन लावला, म्हटलं आईची थोरली बहीण तू, तू तरी सांग. तर ती म्हणते, “छे रे! कुणा टकल्या साहेबाची टोपी उडाली होती, त्याची टिंगल आहे ती!” शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, “टिंगल नव्हे, करांविरुद्धचं बंड!” अहो, मुंगीला लुंगी हो! इथं पोरगी उपाशी, आई गप्प, आणि यांना बंड सुचतंय!

मग मात्र माझं टाळकं सटकलं. मेहुण्याला बोलावून घेतलं, वाटी हातात कोंबली, “भरव! तुझ्या संदर्भांसकट भरव!” आधी त्यानं समजावलं, “बाळा, पोषणाच्या दृष्टीनं बघितलं तर…” पोरगी ढिम्म. मग चमच्याचं विमान. ढिम्म! शेवटी इकडंतिकडं बघत, घसा खाकरत, कॉलेजचा प्राध्यापक गायला लागला, “डुगडुग गाडं…” आणि लुंगीला तोंडाचा आ!

बघतो तर आई दारात. म्हणाली, “तू म्हणालास ते खोटं नसेलही. माझी आई भरवायची तेव्हा घरात भात एक वाटी आणि तोंडं पाच. मुंगी खरंच असायची रे त्यात. आम्ही रडायला लागलो की आई लुंगीवर यायची… आणि आम्ही हसायचो.” पोरीचं तोंड पदरानं पुसलं तिनं. आणि म्हणाली, “म्हणून काय गाणं टाकून द्यायचं? म्हण पुढं. घास गार होतोय.”

म्हटलं त्यानं! डोळे पुसत म्हटलं, वाटी संपेपर्यंत म्हटलं. माझा राग काही जाईना हो… अरे, हेच तिच्याजवळ बसून आधी विचारलं असतंस, तर काय बिघडलं असतं तुझं?

आणि आता झालंय काय, पोरगी मामाशिवाय घास घेत नाही, मामा घरी जायचं नाव घेत नाही, पलंग त्याला दिलाय… आणि मी? मी आपला मशीनखाली पाय घालून सतरंजीवर झोपतो!