पुरे कोण म्हणणार

आईच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी रुग्णालयाच्या खिडकीपाशी रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक सासू आणि सून, सुनेच्या हातात संमतीचा फॉर्म.

“आई, करा ना सही. नवा पंप बाबांना नळीतून अन्न देईल. किती द्यायचं ते तोच ठरवील.”

“कमी कधी करील?”

“गरज कमी झाली की.”

“आणि ते कोण ठरवणार?”

“तोच. रक्त तपासून.”

“म्हणजे चोरही तोच, पहारेकरीही तोच.”

“अहो, डॉक्टर लक्ष ठेवतात.”

“डॉक्टर पंपाच्या पडद्याकडे बघतात. मी चाळीस वर्षं ह्यांच्या हाताकडे बघून ताटात वाढत आले. हात मंदावला की समजायचं, पोट भरलं.”

“आता हात हलत नाही, आई.”

“म्हणून तर विचारते.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या.

“तुमच्या पेशंटला हाच पंप आहे का हो?”

“होता. माझ्या आईला.”

“पोटभर द्यायचा?”

“पडद्यावर तसं यायचं.”

त्यांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि त्या सुनेकडे वळल्या.

“आधी विचार, त्या पंपाशेजारी मला दिवसभर बसू देणार का. देणार असतील, तर करते सही.”