मातामायची मोटार

तुमी नवसाच्या गोष्टी काढल्या, म्हणून माही मोटार आठवली. माह्या साळ्यानं नागपूरहून एक खोका धाडला होता. त्यात जुन्या विलायती मोटारीच्या नमुन्याचे लाकडी सुटे भाग होते, जोडायचे अन् रंगवायचे. महिनाभर खपून वीतभर मोटार केली. आमच्या गावच्या मालकाच्या मोटारीसारखाच हिरवा रंग देल्ला. मालगुजारी, म्हंजे गावाची जमीनदारी, गेली होती, पण मालकाची मोटार अन् ऐट दोन्ही राह्यली होती. माही मोटार पाहून मालक हासले.

"मास्तर, इंजन नाई ते कायची मोटार?"

रंग ओला होता अन् घरी कोंबड्या. मातामाय म्हंजे आमची गावदेवी; तिच्या ओट्यावर नवसाचे मातीचे घोडे असतात, तिथी कोणी कायलेच हात लावत नाई. म्हणून तिथीच वाळत ठेवली. संध्याकाळी आणाले गेलो, तं मोटारीच्या टपावर शेंदूर अन् समोर फुटलेला नारळ.

पुजाऱ्याले म्हटलं, "भाऊ, हे माही होय. वाळाले ठेवली होती."

"होती. आता मायची होय. माय घोड्यावर किती दिवस फिरन?"

पुढं पावसाळ्यात मालकाची मोटार त्याच ओट्यापाशी चिखलात बंद पडली. ड्रायव्हर हँडल मारू मारू थकला. शेवटी मालकानं जोडे काढले, नारळ फोडला अन् माह्या मोटारीपुढं हात जोडले.

मी मागंच उभा होतो. म्हटलं, "मालक, इंजन नाई तिले."

मालकानं डोळेही उघडले नाई. म्हणाले, "मास्तर, माह्या मोटारीले आहे, तोच तं तरास होय."