उडालेला पत्रा

वादळाचा इशारा आला होता. हार्डवेअरच्या दुकानात दोरीसाठी रांग लागली होती. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"अहो, जाड दोरी घ्या. पत्रे पुन्हा उडायचे."

"उडू देत. त्या मोठ्या वादळात एक उडून आला, म्हणून तर तू मिळालीस."

"एक पत्रा परत करायला चार खेपा घातल्यात!"

"तुझे बाबा भेटतील तर ना!"

"बाबा घरीच असायचे. तुम्हीच अंगणातून पळायचात."

"शेवटी तूच घेतलास की हातातून."

"आमचा नव्हताच तो. आमच्या घरावर कौलं होती."

"मला नाही दिसली."

"सगळी उडाल्यावर दिसणार कुठून?"

"आणि हे चाळीस वर्षांनी सांगतेस? मग घेतलास कशाला?"

"अख्खं गाव उघड्यावर पडलं होतं. जो तो सापडेल ते उचलून नेत होता. द्यायला आलेले तुम्ही एकटेच."