समुद्रात बसायला निघाले होते

...आणि वर मलाच विचारतात, काय क्रेसेन्सिया, कसा होता समुद्र? कसा होता म्हणजे काय? रंग बघा माझा. समुद्रावरून आलेल्या बाईचा असतो का असा रंग? ही पलीकडची सेनोबिया, चीज विकते ती, वर्षातून दोनदा जाऊन येते. येते तेव्हा नाक सोललेलं असतं आणि पुढे आठ दिवस गिऱ्हाइकांना चीजबरोबर त्या नाकाचं कौतुक फुकट मिळतं. माझं नाक बघा. जसं नेलं तसं परत आणलं.

तुम्हाला सांगते... थांबा, हे एवढं बोटावर घ्या, चाखा, काळं मोले आहे, माझं मिरच्यांचं वाटण, घेतलंच पाहिजे असं काही नाही... तर तुम्हाला सांगते, बावीस वर्षं मी या गाळ्यावर उभी आहे. मिरच्या भाजा, तीळ भाजा, चॉकलेट घाला, वाटा, ढीग रचा, विका, पुन्हा भाजा. समुद्र आमच्या वाहाकाहून सात तासांवर, आणि चोपन्न वर्षांची झाले तरी माझं पाऊल त्यात पडलेलं नाही. शेवटी गुडघेच म्हणाले, बाई, आता बस्स. आणि माझं मागणं तरी काय? मला फक्त समुद्रात बसायचं होतं. पोहायचं नाही, नावेतून फिरायचं नाही, फोटो नको, काही नको. कमरेइतक्या पाण्यात बसायचं, आणि तेवढा वेळ कोणी माझ्याकडे काही मागायचं नाही. संपलं.

आमची लेक आरासेली प्रवासी कंपनीत आहे. तिने परदेशी लोकांना देतात तसा कागदच छापून दिला, रंगीत. शुक्रवारी संस्कृती, शनिवारी आणि रविवारी किनारा. मी म्हटलं, बाळा, संस्कृती कशाला? मी संस्कृतीतच राहते, तिचीच भांडी घासते. तर म्हणते, आई, वाटेतच आहे सगळं, अर्धा अर्धा तास फक्त.

अर्धा तास! तिला काय माहीत? तिने कागदावर लिहिलं, तिच्या बापाबरोबर प्रवास मला करायचा होता.

माझा नवरा फिदेन्सियो. तीस वर्षं बँडमध्ये तुबा वाजवतोय, ते भलंमोठं पितळी भोंग्याचं वाद्य. गावोगावच्या जत्रा, लग्नं, बारशी, मयती, सगळीकडे. आणि त्याला एक मोठा आजार आहे, नाही म्हणता येत नाही. कोणी म्हटलं, आमच्या पोराच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप व्हा, हा झाला. की लगेच पोराचा बाप याचा कोंपाद्रे. भावाशी भांडता येतं हो, कोंपाद्रेशी नाही. बरं, बाप्तिस्म्यावर थांबतं का? कोणाच्या केकचा धर्मबाप, कोणाच्या मांडवातल्या खुर्च्यांचा धर्मबाप. एका गावात तर हा बास्केटबॉलच्या जाळीचा धर्मबाप आहे. पोर नाही, माणूस नाही, जाळी! एकूण अडतीस कोंपाद्रे, त्यातले अकरा या एका रस्त्यावर. आणि रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कोंपाद्रेच्या गावावरून न थांबता जायचं नाही, थांबलं की बसल्याशिवाय उठायचं नाही, बसलं की खाल्ल्याशिवाय सुटका नाही.

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. पावणेआठला पहिलं गाव, पहिला कोंपाद्रे. ओदिलोन, काळ्या मातीची मडकी करतो. आरासेलीच्या कागदावर लिहिलेलं, 'काळ्या मातीची कला पाहणे, अर्धा तास'. कला कसली, आधी गरम चॉकलेट आलं, मग पाव, मग त्याची आई उठून आत गेली आणि मोले घेऊन आली. एक घास घेतला आणि ओळखलं. माझंच! गेल्या मंगळवारी माझ्याच गाळ्यावरून नेलेलं. आणि म्हातारी माझ्याकडे अशी बघत बसलेली, की आवडलं का? मी म्हटलं, फार छान झालंय. काय बोलणार? निघताना ओदिलोनने मडकं दिलं. एवढं मोठं. गाडीत मागे बँडचं सामान, म्हणून ते माझ्या मांडीवर. समुद्राला निघालेली बाई, मांडीवर मडकं.

पुढच्या दोन गावांत असंच. एकीकडे सूप, एकीकडे सूप आणि गाऱ्हाणी. एहुतला नावाचं गाव आलं तेव्हा मी डोकं चालवलं. फिदेन्सियोची टोपी त्याच्या नाकापर्यंत ओढली, काचा वर केल्या, म्हटलं, समोर बघ आणि गाडी हाण. पण गाडीवर दोन्ही बाजूंना फूटभर अक्षरांत बँडचं नाव, त्याखाली तुबा काढलेला. चौकातच तिघे आडवे आले. टोपी का अशी, डोळे आलेत का, म्हणून विचारलं. मग डोळ्यांवर औषध म्हणून काढा पाजला. मलाही पाजला, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नसताना.

मला फक्त समुद्रात बसायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी कुठे असायला हवं होतं? कागदावर लिहिलंय, 'किनाऱ्यावर मुक्काम, लाटांचा आवाज'. आम्ही होतो मिआवात्लानला, कोंपाद्रेच्या सासऱ्याच्या वाढदिवसाला. फिदेन्सियोने तुबा काढला. काढणारच, बारा माणसं मागे लागली. सकाळी निघताना त्यांनी टर्की दिली. जिवंत. म्हटलं, अहो, आम्ही सुट्टीवर निघालोय. तर म्हणाले, म्हणून तर, वाटेत खायला. आता मांडीवर मडकं, पायाशी टर्की. डोंगरात धुकं इतकं, की मला टर्कीसुद्धा दिसत नव्हती, फक्त बोलत होती.

शनिवारी संध्याकाळी पाचला शेवटचं वळण संपलं आणि तो दिसला. म्हटलं, चोपन्न वर्षं हा इथेच होता, आणि मी मिरच्या भाजत होते. मडकं खाली ठेवलं, चपला काढल्या, निघालेच होते. तर फिदेन्सियो म्हणतो, आधी दोन घास खाऊन घेऊ, समुद्र कुठे पळून जातोय?

माझं चुकलं कुठे, तर मी त्याचं ऐकलं.

वाळूतच ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक खानावळ होती. ब्रिहिदा नावाची बाई चालवते. नवरा मासेमार, कडेवर सात महिन्यांची मुलगी, अशी एवढीशी, दिवस भरायच्या आत झालेली. ब्रिहिदा हात पुसायला आत गेली आणि जाताना हातातली टोपली आमच्या टेबलावर टेकवून गेली. टोपलीवर भरतकाम केलेला रुमाल. रुमालाखालून पावाचा वास. आता बाजारातल्या बाईचा हात तो, गप्प राहतो का? रुमाल उचलला, पाव दाबून बघितला, मोडला, आत अंडी किती घातलीयत ते बघितलं, तुकडा तोंडात टाकला. म्हटलं, बरा आहे, बडीशेप जास्त झाली.

समोर बघते तर फिदेन्सियोचा चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाला, "क्रेसेन्सिया, ती मागणीची टोपली आहे."

मग मी नीट बघितलं. पाव, चॉकलेट, मेझकाल दारूची बाटली, पांढरी मेणबत्ती. तुम्हाला सांगायला नको. धर्मआई हो म्हणून विचारायला जातात तेव्हाच अशी टोपली नेतात, आणि जिने त्यातला पाव मोडला ती हो म्हणाली. बावीस वर्षं मी या माणसाला ऐकवतेय, टोपलीला हात लावत जाऊ नकोस, आधी विचार कर, आधी घरी विचार. आणि माझ्या तोंडात घास. गिळूही शकत नव्हते, थुंकूही शकत नव्हते.

ब्रिहिदा बाहेर आली. मोडलेला पाव बघितला, माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले, म्हटलं, बाई, चुकून झालं, तुमची टोपली कोणाची होती त्यांना द्या, पाव मी नवा आणून देते. ती खालीच बसली. मग हळूहळू सांगितलं. ठरलेली धर्मआई तिकडे पोचुत्लाला, आठ दिवसांपूर्वी पाय मोडून बसली. पाद्री इकडे दोन महिन्यांतून एकदा येतो, तो उद्या दहाला. मुलीला छातीचा त्रास, तीनदा दवाखान्यात ठेवलेली, पुढच्या फेरीपर्यंत थांबायचा धीर नाही. म्हणून आज टोपली घेऊन ती किनाऱ्यावर तीन घरं फिरून आली होती. तिन्ही ठिकाणी रुमालाला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. आजारी पोराची जबाबदारी कोण घेणार?

हे सगळं ती खाली मान घालून सांगत होती. आणि ती एवढीशी पोर माझ्या बोटाला लागलेला पावाचा चुरा चाटायला बघत होती. आता तुम्हीच सांगा, मी काय दगड आहे का? घास गिळला. म्हटलं, नाव काय ठेवायचंय?

ती म्हणाली, "तुमचं काय आहे, कोमाद्रे?"

कोमाद्रे म्हणाली मला, पोरीच्या धर्मआईला तिची आई म्हणते तसं, आणि रडले मी. उगाच कशाला लपवू? आणि क्रेसेन्सिया हे नाव काय कोणावर लादण्यासारखं आहे का? पण तिला ते आवडलं.

बरं, रडून झाल्यावर लगेच पाण्यात जायला हवं होतं की नाही? पण धर्मआई म्हटल्यावर पोरीला पांढरा झगा नको? तो आणायला गावात. तोवर गावभर झालं, की धर्मआई वाहाकाच्या बाजारातली मोलेवाली आहे. आणि गाडीत टर्की आहे. आणि माझ्या पिशवीत चार किलो मोले आहे, कोंपाद्रे लोकांना वाटायला नेलेलं. ही सगळी माहिती कोणी दिली असेल? तोच. पाण्यात उभा राहून, नव्या कोंपाद्रेला, ब्रिहिदाच्या नवऱ्याला, लाटेलाटेला एकेक. होय, हा तोवर पाण्यात गेला होता. वर मला ओरडून सांगतो, पाणी मस्त आहे.

मला फक्त समुद्रात बसायचं होतं. रविवारी उजाडल्यापासून मी चुलीपुढे बसले. एका टर्कीवर भागेना, म्हणून गावाने आणखी चार आणल्या. ऐंशी माणसं. चुलीसमोरच्या कुडाला एक भोक होतं, त्यातून समुद्राची पट्टी दिसायची, एवढी, बोटभर. ढवळता ढवळता बघायचे. दहाला देवळात गेले, पोरीला मांडीवर घेतलं. पाद्रीने डोक्यावर पाणी घातल्याबरोबर तिने माझी मांडी भिजवली. त्या दोन दिवसांत मी भिजले ती तेवढीच. पण जोरात रडली हो. छान रडली. ब्रिहिदा म्हणाली, एवढा आवाज हिने कधी काढला नव्हता. मला असं वाटलं, की हिच्यासाठी हजार टर्क्या शिजवाव्यात. वाटतं असं एखाद्या क्षणी, तेव्हा मोठ्याने बोलू नये. मी बोलले.

चार वाजता शेवटची पंगत उठली. पाचला निघायचं होतं, सोमवारी गाळा उघडायचा. म्हटलं, एक तास आहे. एक तास पुष्कळ झाला. एप्रन काढला, चपला काढल्या, वाळूतून निघाले. पाणी पंधरा पावलांवर. दहा. पाच. आणि मागून आठ बायका धावत आल्या. ब्रिहिदा, तिची सासू, तिच्या नणंदा, एकीच्या हातात शाल. दोघींनी दंड धरले. सासू म्हणते, कोमाद्रे, सकाळपासून चुलीपाशी तापलेलं अंग आणि थंड पाण्यात? तोंड वाकडं होईल, हात आखडतील, आमच्या पोरीची धर्मआई जन्माची लुळी पडेल. परकी बाई असते तर जाऊ दिलं असतं त्यांनी. पण आता मी कोमाद्रे. आता त्यांचा हक्क.

आणि मी काय म्हणणार? या बाजारातल्या निम्म्या बायकांना मीच सांगत असते, तव्यावरून उठून गार पाण्यात हात घालू नका. सेनोबियाला विचारा. मलाही ते खरंच वाटतं. पाच पावलांवर खुर्ची ठेवली, डोक्यापासून पायापर्यंत शाल गुंडाळली, आणि मी समुद्राकडे बघत बसले. माझ्यासमोर फिदेन्सियो बसला होता. समुद्रात. कमरेइतक्या पाण्यात. कोणी त्याच्याकडे काही मागत नव्हतं.

निघताना ब्रिहिदाने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, कोमाद्रे, नोव्हेंबरात पोरीचा पहिला वाढदिवस, तुम्ही चार दिवस आधीच या. एक दिवस पूर्ण समुद्राचा, तुम्हाला कोणी चुलीच्या आसपास फिरकू देणार नाही, मी स्वतः तुम्हाला पाण्यात नेऊन बसवीन. खरं सांगते, माझे डोळे भरून आले. एवढं मला माझ्या घरात कोणी कधी म्हटलं नाही. मी तिला मिठी मारली, गाडीत बसले, गाडी सुरू झाली, तेव्हा ती खिडकीशी वाकली.

"फक्त मोले तेवढं तुमच्या हातचं. दोनशे माणसं आहेत, कोमाद्रे."

आता दोनशे माणसांचं म्हणजे तीस किलो तरी धरावं लागेल, आणि या मिरच्या नोव्हेंबरात अशा मिळत नाहीत. सरका जरा मागे, तवा तापलाय, ठसका लागेल.